भावना दुखावल्या की माणसं धोक्यात आली? २९५अ, १५३अ आणि आपले कायदे

सातारकर_मेघना

आपल्याकडे एक क्रम ठरून गेलाय. कुणाचं तरी स्टेटस किंवा कुणाचं तरी भाषण, मग पोलीस ठाण्यासमोर जमाव, मग बंद, दगडफेक, इंटरनेट बंद आणि शेवटी सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात म्हणतात, "कडक कायदा हवा." जून २०२३मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून जे पेटलं ते आठवत असेलच. कायदा हवा म्हणणाऱ्यांना आधीचा कायदा काय आहे हे क्वचितच माहीत असतं, म्हणून हा धागा.

गोष्ट लाहोरची आहे. १९२४मध्ये तिथे राजपाल नावाच्या प्रकाशकाने 'रंगीला रसूल' ही पैगंबरांवर चिखलफेक करणारी पुस्तिका छापली. तेव्हा भारतीय दंड संहितेत १५३अ होतं, म्हणजे समाजगटांत शत्रुत्व वाढवण्याचा गुन्हा. राजपालवर तेच लावलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली आणि मे १९२७मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीप सिंग यांनी त्याला सोडून दिलं. पुस्तिका विखारी आहे हे त्यांनी मान्य केलं. पण हयात नसलेल्या धर्मपुरुषाच्या चारित्र्यावरची टीका, ती कितीही हीन असली तरी, १५३अमध्ये बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पंजाबात आगडोंब उसळला. काही महिन्यांतच अमृतसरच्या एका मासिकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने उलट अर्थ लावून शिक्षा दिली. पण सरकारने तोवर नवं कलम करायचं ठरवलं होतं. तेच १९२७चं २९५अ, म्हणजे धार्मिक श्रद्धांच्या अपमानाचा गुन्हा.

विधेयक प्रवर समितीकडे गेलं तेव्हा तिथल्या सदस्यांना एक भीती होती: उद्या इतिहासकार, समाजसुधारक, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारा माणूस यात अडकेल. जिनांनी सभागृहात हे स्पष्ट बोलून दाखवलं होतं. म्हणून कलमात "हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने" ही अट घातली गेली. दोन्ही गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात.

राजपालला मात्र कायदा वाचवू शकला नाही. एप्रिल १९२९मध्ये इल्मुद्दीन नावाच्या तरुणाने त्याला दुकानात भोसकून मारलं. इल्मुद्दीनला त्याच वर्षी मियांवाली तुरुंगात फाशी झाली.

आज भारतीय न्याय संहितेत २९५अचं २९९ झालंय आणि १५३अचं १९६. १ जुलै २०२४पासून नंबर बदलले, गाभा तोच राहिला. माझं म्हणणं असं: हे दोन वेगळे गुन्हे आहेत. एकात श्रद्धेचा अपमान आहे, दुसऱ्यात जिवंत माणसांच्या एका गटावर दुसऱ्याला सोडणं आहे. पहिल्यासाठी आपण ताबडतोब रस्त्यावर येतो. दुसऱ्यावर, ज्यात माणसं मरतात, खटला उभा राहायलाच वर्षं जातात. हे उलटं व्हायला हवं, आणि त्यासाठी नव्या कलमाची गरज नाही असं मला वाटतं. तुमचं काय मत?

---

तालुका_कोर्ट

तालुक्याच्या ठिकाणी फौजदारी वकिली करतो. वर लिहिलंय ते कायद्याच्या पुस्तकात बरोबर आहे. ठाण्यात काय होतं ते सांगतो.

संध्याकाळी चाळीस-पन्नास पोरं ठाण्यासमोर येतात. हातात एका स्टेटसचा स्क्रीनशॉट. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो, त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: "सदर मजकुरामुळे माझ्या व समाजाच्या धार्मिक भावना दुखावल्या आहेत." २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र. गुन्हा दाखल, मोबाईल जप्त, पंचनामा. पंच त्याच जमावातले. पोराला "त्याच्याच सुरक्षेसाठी" रात्रभर ठाण्यात बसवतात. हेतू काय होता, दुष्ट बुद्धी होती का, हे त्या रात्री कुणी विचारत नाही. तो प्रश्न येतो आरोप निश्चितीच्या वेळी, दोन-तीन वर्षांनी. तोवर पोराचा पासपोर्ट अडकलेला असतो, पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये "गुन्हा प्रलंबित" लिहावं लागतं, आणि बापाने एखादा तुकडा जमीन गहाण टाकलेली असते.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक सरसकट करायची नाही, नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच अर्णेश कुमार खटल्यात सांगितलंय. पण बाहेर जमाव उभा असताना कायद्याचं पान उघडून दाखवायची हिंमत फार कमी अधिकाऱ्यांत असते. ज्यांच्यात असते त्यांना मी मनापासून मानतो.

---

पांडुरंगी

मेघनाताई, तुमचा अभ्यास आहे, पण मला एक बाजू मांडू द्या. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. विठ्ठलाबद्दल कुणी गलिच्छ लिहिलं तर माझ्या आईला जे होतं ते "फक्त भावना" म्हणून बाजूला सारता येत नाही. श्रद्धा हा माणसाच्या अब्रूचाच भाग आहे. माणसाची अब्रू घेतली तर बदनामीचा कायदा आहे ना? मग श्रद्धेला का नको? आणि ज्या दिवशी कायदा म्हणेल की याच्याशी आमचा संबंध नाही, त्या दिवशी लोक स्वतःच निकाल लावायला निघतील. लाहोरात तेच झालं.

---

सातारकर_मेघना

पांडुरंगीदादा, तुमच्या आईला होणारा त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लाहोरचा क्रम पुन्हा बघा. २९५अ आलं १९२७मध्ये, खून झाला १९२९मध्ये. कलम आल्यावर लोक शांत झाले नाहीत.

त्या कलमाचं सीमेपलीकडे पुढे काय झालं तेही बघा. दोन्ही देशांना एकच दंड संहिता वारशात मिळाली. आपण १९६१मध्ये २९५अची शिक्षा दोनवरून तीन वर्षं केली आणि थांबलो. पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या काळात त्याला शेपटं जोडत गेले: १९८२मध्ये २९५ब (कुराणाची विटंबना), १९८६मध्ये २९५क (पैगंबरांचा अपमान), ज्यात मृत्युदंड आहे. त्यात हेतूची अटच ठेवली नाही. २९५कखाली आरोप झालेली आसिया बीबी आठ वर्षं फाशीच्या कोठडीत राहिली आणि २०१८मध्ये निर्दोष सुटली. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने २०११मध्ये गोळ्या घातल्या. कायदा जितका कडक होत गेला, तितका जमावाचा धीर वाढला. आपल्याकडे ती चार शब्दांची अट राहिली, आणि १९५७मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९५अ घटनेत बसवलं ते त्या अटीच्याच बळावर: अपमानाचा प्रत्येक प्रकार गुन्हा नाही, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेलं उग्र रूपच गुन्हा आहे.

---

मिरजेचा_मुलाणी

मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

माझ्या धर्माबद्दल कुणी वाईट लिहिलं तर मला वाईट वाटतं, मी फोन बाजूला ठेवतो. पण चौकात माईकवरून "यांच्या दुकानातून काही घेऊ नका, यांना घरं देऊ नका, वेळ आली तर हत्यारं तयार ठेवा" असं बोललं जातं तेव्हा मला फोन बाजूला ठेवून भागत नाही. दुसऱ्या दिवशी भावाला दुकान उघडायचं असतं. मुलीची शाळा त्याच चौकातून पुढे असते. शेजारचे काका, ज्यांच्याकडे आम्ही गणपतीत जेवायला जातो, ते येऊन म्हणतात, "दोन दिवस शटर अर्धंच ठेव रे." त्यांना माझी काळजी असते, हे मला माहीत आहे. पण ते वाक्य ऐकल्यावर काय वाटतं ते कुठल्या कलमात लिहायचं?

मला अपमानापासून संरक्षण नकोय. त्या भाषणानंतर माझ्या भावाच्या दुकानापाशी एक शिपाई उभा राहावा आणि भाषण करणाऱ्यावर तारीख पडावी, एवढंच हवंय.

---

पांडुरंगी

मुलाणीभाऊ, हे वाचून गलबलून आलं. माणसाच्या पोटावर आणि जिवावर येणारं बोलणं वेगळं, हे मला मान्य. तिथे कायदा आधी धावला पाहिजे. श्रद्धेच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं मी अजून मागे घेत नाही.

---

जुना_वार्ताहर

मुंबईत पोलीस बातमीदारी केली आहे. मेघना म्हणतात त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. १९९२-९३च्या दंगलीच्या काळातल्या लेखनावरून बाळासाहेब ठाकरे यांच्यावर १५३अचा खटला होता. अशा खटल्यांना सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती मिळेपर्यंत वर्षं गेली. जुलै २०००मध्ये त्यांना अटक झाली, मुंबईभर बंदोबस्त लागला, आणि दंडाधिकाऱ्यांनी खटला मुदतबाह्य म्हणून त्याच दिवशी निकाली काढला. कारण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तीनच वर्षांची मुदत असते. मजकूर गुन्हा होता की नव्हता, हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही. कुठल्याही बाजूने विचार करा, हा निकाल कुणालाच न्याय देत नाही: ज्यांच्यावर आरोप होता त्यांना निर्दोष ठरायची संधी नाही, ज्यांची घरं जळली त्यांना उत्तर नाही.

निवडणुकीचा कायदा मात्र एकदा लागला. १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ते ११ डिसेंबर १९९५ला कायम केलं, आणि त्या भाषणांसाठी ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. राष्ट्रपतींचा तो आदेश निघाला १९९९मध्ये. भाषण ते परिणाम, बारा वर्षं.

---

तालुका_कोर्ट

वार्ताहर साहेबांचा मुद्दा कळीचा आहे, जरा उलगडून सांगतो, कारण लोकांना हे माहीतच नसतं.

पूर्वमंजुरीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७मध्ये आहे. उद्देश चांगला होता, कुणीही उठून खटला दामटू नये. पण ती मंजुरी लागते कोर्टाने दखल घ्यायच्या टप्प्यावर. गुन्हा दाखल करायला लागत नाही, अटकेला लागत नाही. त्यामुळे स्टेटसवाल्या पोराला जो त्रास व्हायचा तो मंजुरीआधीच होऊन जातो, तिथे ही चाळणी कामाची नाही. आणि मोठ्या सभेत बोलणाऱ्याच्या बाबतीत मंजुरी देणारं सरकार त्याच्याच पक्षाचं किंवा त्याला घाबरणारं असेल तर फाईल पडून राहते. मंजुरीसाठी अर्ज केल्यापासून उत्तर येईपर्यंतचा काळ मुदतीतून वगळतात, हे खरं. पण अर्जच केला नाही तर घड्याळ चालूच.

---

राइनकाठ

जर्मनीतून लिहितोय, इथे बरीच वर्षं आहे. इथली रचना मेघनाच्या भेदाच्या जवळ जाते.

इथल्या दंड संहितेचं कलम १३० हे लोकसमूहाविरुद्ध द्वेष चेतवणं, हिंसेला उद्युक्त करणं, त्यांच्या मानवी प्रतिष्ठेवर हल्ला करणं यासाठी आहे. तीन महिने ते पाच वर्षं कैद. ज्यूंचा वंशसंहार झालाच नाही असं जाहीर म्हणणं १९९४पासून याच कलमात स्पष्टपणे गुन्हा आहे. देवाधर्माच्या निंदेचं कलम १६६ही आहे, पण त्यात दुखावलं कोण हे बघत नाहीत. सार्वजनिक शांतता बिघडण्याजोगं होतं का हे बघतात. फार क्वचित वापरलं जातं.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या जवळची. कलम ८६अ नाझी चिन्हांवर बंदी घालतं, त्यात हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, आलं. दिवाळीला दारात रांगोळी काढताना स्वस्तिक काढावं का, हा प्रश्न इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर वर्षी येतो. कायदा संदर्भ बघतो. कला, संशोधन, शिक्षण यांना सूट कायद्यातच लिहिलेली आहे, आणि आपल्या पूजेतलं स्वस्तिक हे मुळात त्या संघटनेचं चिन्हच नाही. २००७मध्ये जर्मनीने युरोपभर या चिन्हावर बंदीची कल्पना मांडली तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदू संघटनांनी विरोध केला आणि ती मागे पडली. त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला. स्टुटगार्टजवळचा एक माणूस नाझीविरोधी बिल्ले विकायचा, त्यांवर फुली मारलेलं ते चिन्ह होतं. खालच्या कोर्टाने त्याला दंड केला होता. वरच्या कोर्टाने सोडलं: विरोध स्पष्ट दिसत असेल तर चिन्ह वापरणं गुन्हा नाही.

आमची दारातली रांगोळी शेजारच्या आजींना एकदा खटकली. आम्ही आत बोलावून फराळ दिला, कुंकू, कलश, स्वस्तिक सगळं दाखवलं. पुढच्या वर्षीपासून आम्ही स्वस्तिकात चार ठिपके न विसरता घालतो, आणि बाजूला जर्मनमध्ये दोन ओळींची चिठ्ठी लावतो.

---

थेम्सवरून

ब्रिटनचंही लिहिते. इथे ईश्वरनिंदेचा जुना गुन्हा २००८मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये रद्द झाला, आणि तोही फक्त ख्रिस्ती धर्मापुरताच होता. धार्मिक द्वेषाचा कायदा २००६चा. सरकारला तो "अपमानकारक" बोलण्यालाही लावायचा होता. लेखक, विनोदी नट, अगदी काही धर्मसंघटनाही विरोधात गेल्या. वरिष्ठ सभागृहाने दुरुस्ती केली: फक्त धमकीवजा शब्द, आणि द्वेष चेतवण्याचा हेतू हवाच. कनिष्ठ सभागृहात ती दुरुस्ती एका मताने टिकली, २८३ विरुद्ध २८२. शिवाय कलम २९जे घातलं. त्यात लिहिलंय की धर्माची चिकित्सा, नापसंती, थट्टा, अपमान यांना हा कायदा अडवणार नाही. इतकं उघडपणे लिहिलेलं संरक्षण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आणि हा रस्ता एकाच दिशेने जात नाही. डेन्मार्कने २०१७मध्ये ईश्वरनिंदेचं कलम रद्द केलं, आणि कुराण जाळण्याचे प्रकार वाढल्यावर डिसेंबर २०२३मध्ये धर्मग्रंथाच्या विटंबनेवर पुन्हा बंदी आणली, ९४ विरुद्ध ७७ मतांनी.

---

पांडुरंगी

म्हणजे डेन्मार्कसारख्या देशालाही शेवटी ग्रंथाचा मान राखावा लागला. माझा मुद्दा तोच आहे.

---

सातारकर_मेघना

डेन्मार्कच्या सरकारने दिलेलं कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पण दादा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. माझा आग्रह इतकाच आहे की कृत्य नेमकं लिहा. डेन्मार्कने "भावना" लिहिलं नाही, ग्रंथ जाळणं-फाडणं असं कृत्य लिहिलं. आपल्या महाराष्ट्राने हेच आधी करून दाखवलंय. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं अडकलं होतं, कारण "याने वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल" असं सांगितलं गेलं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा. तो उघडून बघा. परिशिष्टात नेमकी कृत्यं आहेत: नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणीच्या संशयावरून छळ. आणि वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही हेही त्यातच लिहिलंय. तुमच्या वारीला गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचा काही त्रास झाला?

---

पांडुरंगी

नाही झाला. हे मान्य करतो. आमच्या दिंडीत तेव्हा फार भीती पसरवली गेली होती.

---

जुना_वार्ताहर

पुस्तकांवरच्या बंदीचंही कुणीतरी लिहायला हवं. ५ जानेवारी २००४ला भांडारकर संस्थेत तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी गेलो होतो. जिन्यावर कार्डांचे ड्रॉवर उपडे पडलेले, कार्डकॅटलॉग पायदळी, आणि एक वयस्कर कर्मचारी गुडघ्यावर बसून कार्डं अक्षरानुक्रमाने लावत होते. कारण होतं जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. सरकारने त्यावर बंदी घातली. २००७मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कारण ऐकण्यासारखं आहे: हे पुस्तक नेमक्या कोणत्या दोन गटांत शत्रुत्व पसरवतं ते सरकारला सांगताच आलं नाही. महाराजांबद्दल आदर सगळ्यांनाच आहे, मग भांडण कुणाकुणाचं? त्याआधी १९६९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या 'गांधीहत्या आणि मी'वरची जप्ती १५३अचीच छाननी करून रद्द केली होती. मला ते पुस्तक पटत नाही. निकाल पटतो.

---

तालुका_कोर्ट

या सगळ्याचं मूळ आपल्या नागपुरात आहे. १९४६मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. विवियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल खटल्यात कसोटी घालून दिली: शब्दांचा परिणाम मोजायचा तो विवेकी, कणखर, धैर्यवान माणसाच्या मापाने, प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसाच्या मापाने नाही. हीच कसोटी मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना पुन्हा वापरली.

मिरजेचा_मुलाणी आणि स्टेटसवाल्या पोरांचे आईबाप, दोघांसाठी उपयोगाचं लिहितो.

स्टेटस, कविता, पोस्ट यावरून गुन्हा दाखल होत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं १७३(३) दाखवा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५च्या निकालात न्यायालयाने सांगितलंय की अभिव्यक्तीच्या प्रकरणात हा मार्ग वापरणं योग्य. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

चिथावणीचं भाषण असेल तर उलट बाजूने जा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये तीन राज्यांना आणि एप्रिल २०२३मध्ये सगळ्या राज्यांना आदेश दिलाय की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा दाखल करावा, बोलणाऱ्याचा धर्म न बघता. मुंबईतल्या एका सभेच्या चित्रीकरणाचे आदेशही फेब्रुवारी २०२३मध्ये याच प्रकरणात निघाले. भाषणाची पूर्ण चित्रफीत जपा, कापलेली नको. तारीख, वेळ, जागा लिहा. अर्ज ठाण्यात द्या, प्रत अधीक्षकांना टपालाने. आणि सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: २१७खाली मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला?

---

मिरजेचा_मुलाणी

चित्रफीत आहे, पूर्ण. अर्ज कुणी लिहून देईल का? भाऊ सही करायला तयार आहे.

---

तालुका_कोर्ट

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मसुदा उद्या रात्रीपर्यंत पाठवतो.

---

पांडुरंगी

साक्षीदार म्हणून कुणाची सही चालते का? सांगलीत माझे दोन मेहुणे आहेत. त्या दिवशी त्यातला एक त्याच चौकात होता. विचारतो त्याला.